ज्याची त्याची मेमरी

२०१० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ४८ कोअरचं एक यंत्र घेतलं, त्यावर लिनक्स चढवलं आणि नेहमीच्या वापरातले सात प्रोग्रॅम पळवून पाहिले. एक्झिम हा मेल सर्व्हर, मेमकॅशडी, अपाची, पोस्टग्रेस अशी ओळखीची नावं त्यात होती. पाहायचं एवढंच होतं, की कोअर वाढवत नेले तर काम त्या प्रमाणात वाढतं का. सातांपैकी सहांच्या वाटेत कर्नल आडवा आला. सुटला तो फक्त जीमेक. यातली एक्झिमची गोष्ट विचार करायला लावणारी होती. पत्रं पोचवण्याचं काम मुळात सुटं सुटं, या पत्राचा त्या पत्राशी काही संबंध नाही. तरीही सगळ्या कोअरची झुंबड कर्नलमधल्या एका लॉकपाशी उडत होती. कोणती फाइल सिस्टिम कुठे जोडली आहे याचा तक्ता कर्नल ठेवतो, तो पाहण्यापुरतं हे लॉक घ्यावं लागे. घेतल्यावर करायचं काम जेमतेम चार ओळींचं. संशोधकांनी त्या तक्त्यातल्या नोंदींच्या प्रती प्रत्येक कोअरला देऊन टाकल्या आणि कोंडी सुटली.

उपाय त्यांच्या डोक्यातून पहिल्यांदा निघालेला नव्हता. सामायिक वस्तूवरून भांडण होत असेल तर प्रत्येकाला आपापली द्यावी, हे कर्नल लिहिणाऱ्यांचं जुनं धोरण आहे. त्याला पर-सीपीयू मेमरी म्हणतात: नाव एक, पण प्रत्येक प्रोसेसरसाठी त्या नावाची जागा वेगळी. तीसेक वर्षांचा हा इतिहास चाळला तर असं दिसतं, की वाटणीनं वेग येतो यावर कधीच दुमत नव्हतं. डोकेफोड झाली ती वाटलेलं पुन्हा एकत्र पाहायची वेळ आली तेव्हा: बेरीज करताना, मेमरी परत घेताना, एखादा प्रोसेसर बंद होताना. वाटणीमुळे खर्च नाहीसा होत नाही. वर्दळीच्या रस्त्यावरून उचलून तो आडवाटेला नेऊन ठेवला जातो, आणि आडवाट कायम सुनसानच राहील याची हमी कुणी देत नाही.

भांडण होतं कशावरून? दोन कोअर एकाच वेळी एकाच आकड्यात एक मिळवायला गेले तर हिशेब चुकेल, म्हणून लॉक हवं, हे कारण वरवरचं. खरं दुखणं कॅशमध्ये आहे. प्रत्येक कोअर लागणारा मजकूर स्वतःजवळच्या छोट्या, वेगवान कॅशमध्ये ठेवतो, आणि तोही सुट्या बाइटच्या हिशेबानं नव्हे, ओळीओळीनं. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांत ही कॅश लाइन ६४ बाइटची असते. कोअरला त्या ओळीत काही लिहायचं असेल तर आधी ती ओळ एकट्या त्याच्या ताब्यात यावी लागते. इतरांकडच्या प्रती बाद होतात. आपल्या सर्वांत जवळच्या कॅशमधून वाचायला चार-पाच चक्रं पुरतात. तीच ओळ दुसऱ्या सॉकेटवरच्या, म्हणजे वेगळ्या चिपवरच्या, कोअरकडून आणायची तर शेकडो चक्रं जातात. कागदावर एका सूचनेचं दिसणारं काम प्रत्यक्षात ओळीच्या येरझाऱ्यांत बुडून जातं. लॉक काढून टाकलं आणि अविभाज्य बेरजेची सूचना वापरली तरी येरझाऱ्या चुकत नाहीत.

त्यातून आणखी एक चकवा निघतो. दोन कोअरचे दोन वेगळे आकडे शेजारी शेजारी ठेवले, तर ते एकाच ओळीत बसतात आणि एकमेकांशी काही देणंघेणं नसताना दोन्ही कोअर त्या ओळीसाठी ओढाताण करत राहतात. प्रोग्रॅममध्ये सामायिक असं काहीच नसतं, हार्डवेअरला मात्र सगळं सामायिक दिसतं.

हे सगळं लिनक्सच्या आधीपासून माहीत होतं. अनेक प्रोसेसरांची यंत्रं बनवणाऱ्या सीक्वेंट कंपनीत काम करणाऱ्या पॉल मॅकेनी आणि जॅक स्लिंगवाइन यांनी १९९३ मध्ये युझनिक्स परिषदेत कर्नलच्या मेमरी-वाटपावर एक निबंध मांडला. त्यातला अलोकेटर थरांचा होता. सर्वांत वरचा थर प्रत्येक प्रोसेसरचा स्वतःचा. मोकळे तुकडे तिथेच घ्यायचे, तिथेच परत ठेवायचे. तो रिकामा झाला किंवा ओसंडू लागला तरच खालच्या सामायिक थराकडे जायचं. सनच्या सोलॅरिसमध्ये जेफ बॉनविक यांनी आपल्या १९९४ च्या स्लॅब अलोकेटरला पुढे हीच जोड दिली. २००१ मध्ये त्यांनी आणि जोनाथन अॅडम्स यांनी प्रत्येक प्रोसेसरला वस्तूंनी भरलेली ‘मॅगझिन’ दिली, आणि हे नाव बंदुकीच्या मॅगझिनवरूनच घेतलेलं होतं.

लिनक्स या बाबतीत उशिरा जागं झालं. १९९६ च्या २.० आवृत्तीत अनेक प्रोसेसरांना आधार आला खरा, पण सगळ्या कर्नलला मिळून एकच मोठं लॉक होतं. एका वेळी एकच प्रोसेसर कर्नलमध्ये. ते लॉक पूर्णपणे जायला २०११ उजाडलं. दरम्यान जिथे जिथे वाटणी करायची तिथे कर्नल लिहिणारे साधा ॲरे वापरत: प्रोसेसरांच्या कमाल संख्येएवढे रकाने आणि प्रोसेसरच्या क्रमांकावरून आपला रकाना शोधायचा. वाचायला सरळ, वापरायला महाग. रकाने खेटून ठेवले तर मघाचा चकवा. प्रत्येक रकान्याला अख्खी कॅश लाइन दिली तर चार बाइटच्या आकड्यासाठी साठ बाइट वाया. शिवाय ही कमाल संख्या कर्नल बांधताना ठरते. एक्स८६ वर ती ८१९२ पर्यंत नेता येते. आठ कोअरच्या यंत्रावर तो कर्नल चालवला की उरलेले रकाने नुसतेच जागा अडवून बसतात. आणि ॲरे मेमरीत सलग असल्यामुळे तो एकाच सॉकेटच्या मेमरीत जातो. दुसऱ्या सॉकेटवरच्या प्रोसेसरला स्वतःची म्हणून मिळालेली जागा परक्याच्या घरात असते.

२.५ च्या मालिकेत ऑस्ट्रेलियाचे रस्टी रसेल यांनी या ॲरेंना पर्याय दिला. पर-सीपीयू म्हणून जाहीर केलेले सगळे व्हेरिएबल लिंकर एका वेगळ्या विभागात गोळा करतो. यंत्र सुरू होताना कर्नल या विभागाच्या, जितके प्रोसेसर असू शकतात तितक्या प्रती काढतो आणि शक्यतो ज्याची प्रत त्याच्याजवळच्या मेमरीत ठेवतो. व्हेरिएबलचा मूळ पत्ता हा आता फक्त अंतर सांगतो. त्यात त्या त्या प्रोसेसरचा ऑफसेट मिळवला की खरी जागा सापडते. एका प्रोसेसरची सगळी व्हेरिएबल एकत्र राहत असल्यामुळे त्यांच्यामध्ये रिकामी जागा सोडायची गरज उरत नाही. शेजारी असले तरी ते एकाच मालकाचे शेजारी. ही मांडणी इतकी नेटकी होती की पुढच्या बदलांत तिचा गाभा कुणी हलवला नाही.

पण आपला ऑफसेट कोणता, हे प्रोसेसरला कळायचं कसं? दर वेळी तक्त्यात शोधायचं तर वाचवलेला वेळ तिथेच खर्च व्हायचा. म्हणून तो एखाद्या रजिस्टरमध्ये कायमचा ठेवतात, आणि इथे प्रत्येक प्रोसेसर-घराण्याची रीत वेगळी आहे. ६४ बिटी एक्स८६ वर जीएस हे सेगमेंट रजिस्टर त्या कामाला लावलं आहे. सेगमेंट ही इंटेलच्या जुन्या काळातली अडगळ. ६४ बिटी रचनेत ती जवळपास मोडीत काढली होती, पण एफएस आणि जीएस ही दोन रजिस्टर शिल्लक ठेवली गेली आणि पर-सीपीयू मेमरीला घर मिळालं. विंडोजही तेच करतं: तिथल्या कर्नलचा प्रत्येक प्रोसेसरसाठीचा नियंत्रण-तक्ता ६४ बिटी यंत्रांवर जीएसमधूनच गाठला जातो. ६४ बिटी आर्मवर टीपीआयडीआर नावाचं रजिस्टर आहे. पॉवर प्रोसेसरांवर सर्वसाधारण रजिस्टरांपैकी तेरा क्रमांकाचं अडकवून ठेवलं आहे.

आयबीएमच्या मेनफ्रेमची तऱ्हा सर्वांत जुनी आणि सर्वांत चतुर. सिस्टिम/३७० मध्ये प्रत्येक प्रोसेसरला एक प्रीफिक्स रजिस्टर होतं. प्रोसेसरनं मेमरीच्या अगदी सुरुवातीच्या ४ किलोबाइटमधला पत्ता उच्चारला की हार्डवेअर तो गुपचूप त्या प्रोसेसरच्या खासगी पानाकडे वळवायचं. शून्य क्रमांकाचा पत्ता सगळ्यांचा सारखा, पोचायची जागा मात्र वेगवेगळी. आजच्या झेड मालिकेत हा भाग ८ किलोबाइटचा झाला आहे आणि लिनक्स आपला पर-सीपीयू ऑफसेट तिथेच ठेवतं.

आयटॅनियमवर लिनक्सनं हाच परिणाम पेज टेबलाच्या अंगानं साधला. एक ठरावीक आभासी पत्ता प्रत्येक प्रोसेसरच्या टीएलबीमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या भाषांतराच्या कॅशमध्ये, कायमचा खिळवून ठेवायचा, प्रत्येकाकडे वेगळ्या भौतिक पानाकडे रोखलेला. मग ऑफसेट मिळवायची भानगडच नको. यातली मेख लगेच लक्षात येते: असा पॉइंटर दुसऱ्या प्रोसेसरच्या हाती दिला तर त्याला त्याची स्वतःची मेमरी दिसेल, देणाऱ्याची नव्हे. जागाही त्या खिळवलेल्या पानाएवढीच. आयटॅनियमचा आधार जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ६.७ आवृत्तीतून गेला, पण एकच पत्ता प्रत्येक प्रोसेसरवर वेगळ्या जागी रोखण्याची कल्पना ज्यांच्याकडे जीएससारखी सोय नाही त्या प्रोसेसरांच्या बाबतीत अजूनही मोहात पाडणारी आहे.

जीएसचा खरा फायदा पत्ता शोधण्यापुरता नाही. एक्स८६ वर ‘जीएसपासून इतक्या अंतरावरच्या आकड्यात एक मिळव’ हे एकाच सूचनेत सांगता येतं. इंटरप्ट सूचनेच्या मध्ये येऊ शकत नाही. एक तर आधी येईल नाही तर नंतर. दुसरे प्रोसेसर या जागेला हात लावत नाहीत, त्यामुळे बसवर कुलूप घालणारा उपसर्गही नको. ख्रिस्तोफ लॅमिटर यांनी २००९-१० च्या सुमाराला अशा एकसूचनी क्रियांचा संचच कर्नलमध्ये आणला, आणि त्यांच्याच स्लब अलोकेटरचा वेगवान मार्ग त्यावर उभा राहिला.

आर्म किंवा तत्सम रचनांवर असं होत नाही. तिथे आधी ऑफसेट रजिस्टरमधून वाचायचा, मग पत्ता काढायचा, मग आकडा आणायचा, वाढवायचा, परत ठेवायचा. या पायऱ्यांच्या मध्येच शेड्युलरनं थ्रेड उचलून दुसऱ्या प्रोसेसरवर नेला तर? तो थ्रेड जुन्या प्रोसेसरच्या आकड्यात लिहून मोकळा होतो, त्याच क्षणी त्या प्रोसेसरवरचं दुसरं काही तिथेच लिहीत असतं, आणि एक बेरीज हरवते. कर्नलमध्ये चालू काम मध्येच बाजूला सारता येत नव्हतं तोवर ही भीती नव्हती. २.६ मध्ये ती सोय आली आणि पर-सीपीयू मेमरीला हात लावण्याआधी ‘आता मला हलवू नका’ असं सांगणं भाग पडलं. सांगणं स्वस्त आहे, फुकट नाही.

‘मला हलवू नका’ या एका वाक्यानं पुढे रिअल-टाइमवाल्यांना, म्हणजे ठरावीक वेळेत प्रतिसाद हवा असणाऱ्यांना, फार छळलं. काम मध्येच थांबवू न देणाऱ्या जागा कर्नलभर पसरल्या, आणि त्यातली कोणती कशाच्या रक्षणासाठी आहे हे कोडवरून समजेना. २०२० मध्ये ५.८ आवृत्तीत ‘लोकल लॉक’ आलं. साध्या कर्नलमध्ये ते मुळात काही लॉक करत नाही, जुन्याच बंदीला नाव देतं. रिअल-टाइम कर्नलमध्ये मात्र त्याच नावाखाली प्रत्येक प्रोसेसरसाठी एक खरंखुरं लॉक तयार होतं. वर्षानुवर्षं बाहेर राहिलेला रिअल-टाइमचा संच २०२४ मध्ये ६.१२ साठी मुख्य कर्नलमध्ये आला, त्यात या नामकरणाचा वाटा मोठा आहे.

कर्नल बांधतानाच ठाऊक असलेल्या व्हेरिएबलांचा प्रश्न रसेल यांच्या मांडणीनं सुटला होता. चालू कर्नलमध्ये नव्यानं लागणाऱ्या वस्तूंचं काय? नवं नेटवर्क कार्ड जोडलं, नवी फाइल सिस्टिम माउंट झाली, की त्यांचे प्रत्येक प्रोसेसरमागचे काउंटर हवेत. सुरुवातीचा अलोकेटर जुन्या वळणावरच गेला होता: पॉइंटरांचा एक ॲरे, आणि प्रत्येक पॉइंटरमागे त्या त्या प्रोसेसरजवळ घेतलेला तुकडा. त्यामुळे जुन्या व्हेरिएबलांना एक पद्धत, नव्यांना दुसरी. नव्यांना दर वेळी एक जादा वाचन, आणि जीएसची जादू तिथे चालेना. लॅमिटर यांनी यावर आपली एक रचना सुचवली होती. शेवटी कर्नलमध्ये गेली ती तेजून हो यांनी २००९ मध्ये लिहिलेली.

तेजून हो यांच्या अलोकेटरची खुबी अंतरात आहे. मेमरी ‘चंक’मध्ये घ्यायची. प्रत्येक चंकमध्ये प्रत्येक संभाव्य प्रोसेसरसाठी एकेक ‘युनिट’. पहिल्या चंकमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना घेतलेल्या मेमरीत, युनिटांमध्ये जी अंतरं पडली तीच पुढच्या प्रत्येक चंकमध्ये तंतोतंत राखायची. असं केलं की जुन्या व्हेरिएबलांसाठीचा ऑफसेट नव्या तुकड्यांनाही लागू पडतो. पॉइंटर एकच आणि जीएसही चालतं. वेगवेगळ्या सॉकेटवरची भौतिक मेमरी एकमेकींपासून कितीही दूर असू शकते, तरी आभासी पत्त्यांत ती अंतरं राखायची, म्हणून अलोकेटर आभासी अवकाशात एकाच ढंगाच्या अनेक मोकळ्या जागा एकदम शोधतो. ६४ बिटी यंत्रांवर पत्त्यांचा तुटवडा नसतो. ३२ बिटी यंत्रांवर हे अंग चोरून करावं लागे.

पहिला चंक शक्यतो कर्नलच्या सरळ, मोठ्या पानांच्या नकाशातच बसवतात. कारण टीएलबीमधल्या नोंदी मोजक्या असतात, आणि सर्वांत जास्त वर्दळ याच चंकमध्ये असते. ६४ बिटी एक्स८६ वर त्यात मॉड्यूलांसाठी ८ किलोबाइट आधीच राखून ठेवलेले असतात. मॉड्यूलमधल्या पर-सीपीयू व्हेरिएबलांचे पत्ते ठरावीक टप्प्यातच असावे लागतात, म्हणून ही राखीव जागा.

इथपर्यंत सगळं सुरळीत. मग वापर वाढला. सुरुवातीला पर-सीपीयू तुकडे कधीतरी, एखादं उपकरण जोडताना मागितले जातील असा अंदाज होता. चंकमधल्या मोकळ्या जागांची यादी ओळीनं चाळायला काही वाटत नसे. पण २०१६ मध्ये बीपीएफ प्रोग्रॅमांना, म्हणजे चालू कर्नलमध्ये चढवल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांना, पर-सीपीयू तक्ते मिळाले, कंटेनरांचे सीग्रुप, म्हणजे प्रोसेसांचे गट, हजारांनी बनू लागले आणि प्रत्येकाला आपली आकडेवारी हवी झाली. २०१७ मध्ये फेसबुकच्या डेनिस झोऊ यांनी यादी काढून बिटमॅप बसवला: चार बाइटला एक बिट. पुढची तक्रार परतफेडीची. हजारो सीग्रुप येऊन गेले तरी प्रत्येक चंकमध्ये कुणाचा तरी एखादा चिवट तुकडा उरायचा, आणि त्या तुकड्यापायी सगळ्या प्रोसेसरांची पानं अडकून राहायची. रोमन गुश्चिन यांनी २०२० मध्ये ही मेमरी सीग्रुपच्या खात्यावर टाकायची सोय केली आणि २०२१ मध्ये अर्धवट रिकाम्या चंकमधली पानं परत करायची. /प्रॉक/मेमइन्फो या फाइलमध्ये आज पर-सीपीयूची वेगळी ओळ दिसते. मोठ्या सर्व्हरवर ती एकदा पाहून घ्यावी. आकडा बऱ्याचदा अपेक्षेपेक्षा जाड निघतो.

आता बेरीज. एसटीच्या प्रत्येक वाहकाकडे स्वतःची पैशांची पिशवी असते आणि हिशेब आगारात परतल्यावर होतो. भर दुपारी विभागाची एकूण जमा विचारली तर नेमकं उत्तर कुणाकडेच नसतं. कर्नलचा पर-सीपीयू काउंटर असाच चालतो. प्रत्येक प्रोसेसर आपल्या आकड्यात मिळवत राहतो आणि ठरावीक मर्यादा गाठली की ती रक्कम सामायिक आकड्यात जमा करतो. ही मर्यादा किमान ३२, किंवा प्रोसेसरांच्या संख्येच्या दुप्पट, यांतली मोठी. ६४ प्रोसेसरांच्या यंत्रावर ती १२८ होते. म्हणजे एका क्षणी सामायिक आकडा ६४ गुणिले १२८, सुमारे ८१९२ नं चुकलेला असू शकतो. मोजायचं आहे ते ४ किलोबाइटचं पान असेल तर ही चूक ३२ मेगाबाइटची. नेमका आकडा हवा तर सगळ्या प्रोसेसरांचे आकडे गोळा करायचे, म्हणजे टाळलेल्या येरझाऱ्या पुन्हा पत्करायच्या.

डिस्कवरच्या मोकळ्या ब्लॉकसाठी अंदाजे आकडा बहुतेक वेळा चालतो. डिस्क भरत आली की नेमका घ्यायचा. पण संदर्भ-मोजणीत अंदाज चालत नाही. एखादी वस्तू कितीजण वापरताहेत हा आकडा शून्य झाला की ती मोडीत काढायची असते, आणि ‘साधारण शून्य’ नावाचा आकडा नसतो. एमआयटीच्या संशोधकांनी आपल्या ४८ कोअरच्या यंत्रावर यासाठी ढिले काउंटर वापरले: प्रत्येक कोअरनं काही संदर्भ उचल म्हणून आगाऊ घेऊन ठेवायचे आणि लागतील तसे वापरायचे. लिनक्समध्ये केंट ओव्हरस्ट्रीट यांनी २०१३ मध्ये दुसरा मार्ग काढला. वस्तू जिवंत आहे याची खात्री असते तोवर वाटलेले आकडे वापरायचे आणि बेरीज करायचीच नाही. वस्तू बंद करायचं ठरलं की सगळे आकडे एकत्र करून तिथून पुढे एकच सामायिक आकडा. या बदलाचा क्षण सगळ्या प्रोसेसरांच्या ध्यानात आला आहे याची खात्री कर्नलमधलं आरसीयू हे तंत्र देतं. गंमत अशी, की वाचकांना लॉकपासून सोडवणारं हे आरसीयू स्वतः पर-सीपीयू नोंदींवर चालतं; लिनक्समध्ये ते २००२ साली आलं तेव्हा मॅकेनींच्या बरोबरीनं आयबीएमच्या भारतातल्या चमूतले दीपंकर सरमा त्यावर काम करत होते.

आडवाट अचानक गजबजते कशी, याचं सर्वांत बोलकं उदाहरण अलीकडचं आहे. प्रत्येक प्रोसेस किती मेमरी वापरते हे कर्नल चार आकड्यांत मोजतो. पूर्वी ही मोजणी थ्रेडच्या हिशेबानं वाटलेली होती, त्यामुळे थ्रेड वाढले की चूक वाढे. ६.२ आवृत्तीत शकील बट यांनी हे चारही आकडे पर-सीपीयू काउंटर केले. चूक आटोक्यात आली. पण आता प्रत्येक नव्या प्रोसेसला जन्मताच सगळ्या प्रोसेसरांवर जागा घ्यावी लागू लागली. चार बाइटचे चार आकडे, २५६ प्रोसेसर: एका प्रोसेसमागे ४ किलोबाइट, तेही २५६ ठिकाणी जाऊन पुसायचे, आणि त्यासाठी अलोकेटरचं सामायिक लॉक घ्यायचं. दिवसेंदिवस चालणाऱ्या डेटाबेसला हे जाणवणारही नाही. एका प्रोग्रॅमच्या बांधणीत मात्र क्षणभर जगणाऱ्या हजारो प्रोसेस जन्मतात आणि मरतात. ज्या एकाच प्रोसेसरवर सुरू होऊन तिथेच संपणार, त्यांनीही २५५ जादा जागांचं भाडं भरायचं. नव्या प्रोसेसचा जन्म मंदावल्याचं मातेउश गुझिक यांनी मोजून दाखवलं आणि चारही काउंटर एकाच मागणीत घेण्याची दुरुस्ती केली. दुखणं कमी झालं, मूळ राहिलं.

प्रोसेसर येतात-जातात, हा वेगळाच जाच. कर्नल तीन याद्या ठेवतो: असू शकणारे, बसवलेले आणि चालू असलेले. पर-सीपीयू मेमरी पहिल्या यादीनुसार घेतली जाते. एखाद्या आभासी यंत्राला आज चार प्रोसेसर दिले असतील, पण ‘पुढे-मागे शंभर देऊ’ असं हायपरव्हायझरनं सांगून ठेवलं असेल, तर जागा शंभरांसाठी धरली जाते. प्रोसेसर बंद झाला की त्याच्या नावावरची शिल्लक दुसऱ्यांच्या खात्यात वळवावी लागते. हे विसरलेला काउंटर कायमचा चुकलेला राहतो.

सुरक्षेच्या अंगानंही जीएसनं त्रास दिला. वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमलाही जीएस वापरता येतं, म्हणून कर्नलमध्ये शिरताना स्वॅपजीएस ही सूचना देऊन त्याची अदलाबदल करावी लागते. पण आधीच कर्नलमध्ये असताना इंटरप्ट आला तर ती करायची नसते. म्हणजे प्रवेशद्वारावरच एक ‘जर-तर’. ऑगस्ट २०१९ मध्ये उघड झालेला स्वॅपजीएस हल्ला नेमका याच फाट्यावर बसला होता: प्रोसेसर अंदाजानं चुकीच्या फाट्यावर काही पावलं पुढे जातो, तेवढ्यात कर्नल वापरकर्त्याच्या जीएसनं मेमरी वाचतो आणि कॅशमध्ये मागमूस राहतो.

वाटणी इतकी गळ्यात येत असेल तर मुळातच काही सामायिक ठेवू नये, असं म्हणणारेही झाले. टोरांटो विद्यापीठाच्या टॉर्नेडो या कर्नलनं नव्वदीच्या अखेरीस प्रत्येक वस्तूच बाहेरून एक आणि आतून अनेक तुकड्यांची केली. ईटीएच झ्युरिच आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च यांच्या २००९ च्या बॅरलफिशनं तर प्रत्येक कोअरवर वेगळा कर्नल चालवून त्यांना निरोपांतून बोलायला लावलं. महासंगणकांत हा विचार नवा नव्हता. पुण्याच्या सी-डॅकचा १९९१ चा परम ८००० असाच, प्रत्येक ट्रान्सप्युटरला स्वतःची मेमरी असलेला होता. पण तिथे एकच मोठं गणित सगळ्यांत वाटलेलं असतं. सर्वसाधारण सर्व्हरवर फाइल, नेटवर्क सॉकेट, प्रोसेस सगळं सगळ्यांना दिसायला लागतं, आणि बॅरलफिश संशोधनापलीकडे गेलं नाही. लिनक्स आणि फ्रीबीएसडीनं दुखेल तिथेच वाटायचं हा ठिगळांचा मार्ग धरला, आणि तो टिकला. तत्त्वाच्या दृष्टीनं ओबडधोबड असला तरी त्याची एक जमेची बाजू आहे: प्रत्येक वाटणीमागे कुणीतरी मोजून दाखवलेलं दुखणं असतं.

कर्नलची ही युक्ती साध्या प्रोग्रॅमांना मात्र बराच काळ मिळाली नाही, कारण त्यांना शेड्युलरला ‘हलवू नका’ म्हणता येत नाही. गूगलमधल्या पॉल टर्नर आणि अँड्र्यू हंटर यांनी उलटा विचार केला: हलवा, पण मध्येच हलवलं तर सुरुवातीपासून करायला लावा. मॅथ्यू देनोएर यांनी ही आरसेक नावाची सोय २०१८ मध्ये ४.१८ आवृत्तीत आणली. गूगलचा टीसीमॅलॉक हा अलोकेटर तिच्या आधारे थ्रेडऐवजी प्रोसेसरच्या हिशेबानं मेमरी राखतो. हजारो थ्रेड असलेल्या प्रोग्रॅमला त्यात उघड बचत आहे. पण इथेही कर्नलमधलाच प्रश्न पुढे आला. २५६ प्रोसेसरांच्या यंत्रावर दोन थ्रेडांचा प्रोग्रॅम आज या तर उद्या त्या प्रोसेसरवर जातो आणि काही वेळात सगळ्या २५६ जागा थोड्या थोड्या वापरून बसतो. देनोएर यांनी २०२३ च्या ६.३ मध्ये प्रोसेसरच्या क्रमांकाऐवजी वेगळाच क्रमांक दिला: त्या प्रोग्रॅमचे जितके थ्रेड एका वेळी चालू शकतात, तितक्यांतलाच एक. दोन थ्रेड असतील तर दोनच जागा पुरतात. कर्नलच्या स्वतःच्या मेमरीला ही पळवाट उपलब्ध नाही; इंटरप्ट कोणत्याही प्रोसेसरवर येऊ शकतो आणि तो आला की त्याची जागा तयार असावीच लागते, म्हणून यंत्र सुरू होताना पहिला चंक आजही असू शकणाऱ्या प्रत्येक प्रोसेसरसाठी घेतला जातो.